परवाना आणि अधिकार

मराठीत 'अधिकार' हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि या दोन अर्थांमधील अंतर सहसा आपल्या लक्षात येत नाही. 'हे करण्याचा मला अधिकार आहे' असे म्हणताना हक्क अभिप्रेत असतो. 'संगीतात त्यांचा अधिकार मोठा' असे म्हणताना योग्यता. वेदान्तग्रंथांच्या आरंभी जे चार अनुबंध सांगण्याची परंपरा आहे, त्यांत पहिला 'अधिकारी' हाच असून तेथे प्रश्न एवढाच असतो की, या विद्येस पात्र कोण? या कल्पनेचा आपल्याकडे जन्माच्या आधारे पुष्कळ दुरुपयोग झाला, हे विसरून चालणार नाही. तरीही तिच्यातील मूळ धागा मोलाचा आहे. हक्क कोणीतरी देतो; योग्यता मात्र स्वतः मिळवावी लागते. हक्क हाती आहे आणि योग्यता नाही, अशा वेळी माणसाने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

हा विचार मनात येण्यास एक घरगुती प्रसंग निमित्त झाला. आमचा पुतण्या इंग्लंडमधील एका विद्यापीठात वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेला. मुलगा डोकमर्डीत वाढलेला. शिक्षणासाठी कर्ज काढलेले. ते ओझे थोडे हलके व्हावे म्हणून त्याने एका वृद्धाश्रमात काम धरले. तेथे परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. पाळी पहाटेची, वृद्धाश्रम गावाबाहेर आणि त्या वेळी बस नाही. बरोबर राहणाऱ्या मित्राकडे जुनी मोटार होती आणि ती द्यायला तो तयार होता. कायदाही अनुकूल होता. ग्रेट ब्रिटनमध्ये वास्तव्यास आलेल्या व्यक्तीला पहिले १२ महिने आपल्या देशाच्या परवान्यावर मोटार चालवता येते. त्यानंतर मात्र तेथील परीक्षा द्यावी लागते. याचा अभ्यासक्रम वर्षाचा आणि सवलतही वर्षाची. म्हणजे कायदा त्याला कधीच काही विचारणार नव्हता.

एका रात्री त्याचा दूरध्वनी आला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "काका, माझं लायसन खरं आहे, पण मी टेस्ट दिलेलीच नाही ना. चालवू का गाडी?"

या प्रश्नाचा इतिहास सांगितला पाहिजे. त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा आम्हीच एका एजंटाकडे त्याची कागदपत्रे आणि पैसे दिले होते. ते गाव कोणते व कार्यालय कोणते, याला येथे महत्त्व नाही. मुलाने गाडीत बसून ती दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे नेली, आणि कागदावर तो उत्तीर्ण झाला. एजंटाला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु त्याच्याकडे गेलो आम्ही, पैसे मोजले आम्ही आणि 'काम झाले' म्हणून पेढेही आम्हीच वाटले. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला दोषी धरणारे कलम २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले. सज्ञान मुलासाठी खोटी परीक्षा विकत घेणाऱ्या पालकाचा दोष त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. पण त्यामुळे तो नाहीसा होतो असे नाही.

आमचे पहिले उत्तर व्यवहारी होते : "कायद्यानं चालतंय ना? मग चालव." त्यावर तो म्हणाला, "कायद्यानं चालतंय, म्हणूनच तुम्हाला विचारतोय." या वाक्याने आम्हाला विचारात पाडले.

प्रथम त्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडू. पहिला मुद्दा असा की, परीक्षा म्हणजे कौशल्य नव्हे. हा मुलगा परवाना मिळाल्यावर आमच्या शेजारी बसून शिकला आणि पुढे दोन वर्षे सिल्वासा, खानवेल, वापी असा नित्य फिरला. एक ओरखडाही त्याने उमटू दिला नाही. परीक्षा दिली असती तर तो उत्तीर्ण झालाच असता, असे आम्हाला वाटत होते. दुसरा मुद्दा इतिहासाचा. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारचालकाला परवाना सक्तीचा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून तो अमलात आला. परंतु चालकाची परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ रोजी. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ त्या देशातील परवाना परीक्षेवाचूनच मिळत होता. त्या काळातील सारे चालक काय अनीतीने गाडी चालवत होते? तिसरा मुद्दा गरजेचा. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे, त्याने परीक्षेच्या तारखेची वाट पाहावी. कर्ज काढून शिकणाऱ्याने पहाटेचे काम सोडावे काय?

यांतील दुसऱ्या मुद्द्यापासून आरंभ करू, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचेही उत्तर आहे. १९०४ सालच्या ब्रिटिश परवान्याने परीक्षा झाल्याचे सांगितलेच नव्हते. तो नोंदणीचा कागद होता आणि नोंदणीपलीकडे तो काही बोलत नव्हता; त्यामुळे तो खोटेही बोलत नव्हता. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन कायदे झाले. आजच्या, म्हणजे १९८८ च्या, कायद्यानुसार आधी शिकाऊ परवाना, त्यानंतर निदान तीस दिवस, आणि मग प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा, असा क्रम आहे. म्हणून आजचा परवाना एक विधान करतो. तो रस्त्यावरील अनोळखी माणसाला सांगतो, 'ज्याला माझ्या यशापयशाशी काही देणेघेणे नाही, अशा एका माणसाने मला पारखले आहे.' एजंटाकडून आलेल्या परवान्यात हेच वाक्य असते आणि ते असत्य असते.

हे असत्य ज्याला सांगितले जाते, त्याला ते सांगितले गेल्याचे कळतही नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय. दुकानदाराने खोटे वजन केले तर गिऱ्हाईक दुसऱ्या काट्यावर तपासू शकते. रस्ता ओलांडणारी म्हातारी समोरून येणाऱ्या चालकाचा परवाना तपासू शकत नाही. ती पाऊल पुढे टाकते ते केवळ विश्वासावर, आणि तो विश्वास तिने चालकावर नव्हे, तर त्याला पारखणाऱ्या व्यवस्थेवर टाकलेला असतो. त्या विश्वासाचा फायदा चालकाला आणि जोखीम तिला, अशी ही वाटणी आहे. गरजेचा मुद्दा येथेच लंगडा पडतो. स्वतःच्या गरजेसाठी माणसाने स्वतःचा जीव धोक्यात घालणे एक वेळ समजू शकते. ज्याला त्या गरजेशी कर्तव्य नाही आणि ज्याची संमती कोणी विचारलेली नाही, त्याचा जीव धोक्यात घालण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

राहिला पहिला मुद्दा : मुलगा चांगली गाडी चालवतो. पण हे ठरवले कोणी? त्याने आणि आम्ही. आपल्याच खटल्यात कोणी न्यायाधीश असू नये, हे तत्त्व न्यायालयात आपल्याला पटते. घरात ते आपण विसरतो. परीक्षेचे मोल ती कौशल्य देते यात नाही. आपल्याला न दिसणारे आपले दोष दुसऱ्याच्या नजरेला दिसू द्यायचे, या तयारीत ते आहे.

प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो परक्या भूमीचा. एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात का चालावा? १९४९ साली जिनिव्हा येथे रस्ते वाहतुकीविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत त्याचा सदस्य आहे. त्या कराराखाली आपल्याकडे जो आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो वर्षभरासाठी असतो आणि त्याला स्वतःचे असे बळ नसते. मूळ परवान्याचाच तो दुसऱ्या देशाला समजेल असा अनुवाद असतो. एका देशाच्या शब्दाला दुसऱ्याने दिलेला तो मान होय. आपल्या जुन्या पेढ्यांच्या भाषेत बोलायचे तर ही हुंडी आहे. सुरतेच्या पेढीने लिहिलेली हुंडी पुण्याला वटते, ती लिहिणाऱ्याच्या पतीवर. खोटी हुंडी एखाददुसरी वटूनही जाईल. परंतु तिने जी पत खर्ची पडते ती सगळ्यांची असते. काही देशांचे परवाने ब्रिटन परीक्षेवाचून बदलून देतो, त्या यादीत जपान आहे, सिंगापूर आहे, दक्षिण आफ्रिका आहे, भारत नाही. जर्मनीत आपला परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रथमोपचाराचा वर्गही करावा लागतो. अशा याद्या ठरवताना अनेक गोष्टींचा विचार होत असेल. पण आपल्या परवान्यामागे परीक्षा उभी आहे असे छातीठोकपणे आपल्यालाच सांगता येत नसेल, तर इतरांनी ते मानावे असा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा?

परक्या भूमीवरून जाण्याचा हक्क कशाला म्हणावे, हा प्रश्न आपल्या या भूमीला नवा नाही. जुन्या कुटुंबांतील वाचकांना आठवण करून देण्याची गरज नाही. तरी तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. १९५४ च्या २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. दमणहून येथे यायचे तर मधली भूमी भारताची. आणि भारताने वाट अडवली, ही तक्रार घेऊन पोर्तुगाल १९५५ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्यायेण्याचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता, मात्र तो भारताच्या नियमनाच्या अधीन होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांना तसा हक्क नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालात १७७९ च्या मराठे-पोर्तुगीज तहाचाही विचार झाला. मराठ्यांनी दिले ते सार्वभौमत्व नव्हते, तर सरंजामासारखा महसुलाचा उपभोग होता, असे न्यायालयाने मानले.

राज्यांचा न्याय व्यक्तींना जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. पण या निकालातील भेद आम्हाला फार उद्बोधक वाटतो. वाट तीच, जाणारा तोच; पण तो काय घेऊन जातो यावर त्याचा हक्क ठरतो. मोटार ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. पारखलेल्या हातात ती प्रवासाचे साधन असते. न पारखलेल्या हातात तेच हजार किलोंचे लोखंड शस्त्र होऊ शकते. पाहुण्याला घरात येऊ दिले, याचा अर्थ तो काहीही घेऊन आत येऊ शकतो असा होत नाही. परदेशी विद्यार्थी हा त्या देशाचा पाहुणा आहे, आणि यजमानाने प्रश्न विचारला नाही म्हणून पाहुण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

दोन-तीन रात्रींच्या बोलण्यातून हे सारे पुतण्याला जसे जमेल तसे सांगितले. आमच्या आधीच त्याचा निर्णय बहुधा झाला असावा. त्याने जुनी सायकल विकत घेतली, तेथील शिकाऊ परवाना काढला आणि कायद्याने सूट असतानाही 'एल' हे अक्षर गाडीला लावून, अनुभवी चालक शेजारी बसवून, तो नव्याने शिकू लागला. पहाटेच्या अंधारात सायकलवरून जाताना त्याला एक गोष्ट उमगली, असे त्याने सांगितले. पाठीमागून येणाऱ्या प्रत्येक मोटारीचा आवाज ऐकताना मनात एकच प्रश्न येई : हिच्या चालकाला खरोखर कोणी पारखले असेल ना?

तेथील लेखी परीक्षेत पन्नासांपैकी त्रेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात आणि पडद्यावरील दृश्यांतून धोके ओळखावे लागतात. प्रत्यक्ष परीक्षा सुमारे चाळीस मिनिटांची. प्रारंभी वीस मीटरांवरील गाडीचा क्रमांक वाचून दाखवायचा. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ. गंभीर चूक एक झाली तरी अनुत्तीर्ण. निम्म्याहून अधिक उमेदवार अनुत्तीर्ण होतात. आमचा पुतण्याही पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाला. गिअर, वळण, गाडी मागे घेणे यांत काही उणे नव्हते. डावीकडे वळताना त्या रस्त्याच्या तोंडाशी एक माणूस ओलांडण्यासाठी थांबला होता. हा न थांबता वळला. २०२२ सालापासून ब्रिटनच्या वाहतूक-संहितेत एक उतरंड स्पष्टपणे सांगितली आहे : ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी अधिक. त्यानुसार वळणाऱ्या चालकाने ओलांडू पाहणाऱ्या पादचाऱ्याला वाट द्यायची असते.

त्या रात्री तो दूरध्वनीवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, डोकमर्डीच्या नाक्यावर मी दोन वर्षं हेच करत होतो. तिथं कुणी मला नापास केलं नाही."

वाचकहो, हा सारा लेख आम्ही या एका वाक्यासाठी लिहीत आहोत. इंग्लंडमधील रस्त्यावर गाडी चालवावी की नाही, याची नैतिक चर्चा आमच्या घरात तीन रात्री चालली. त्या आधीची दोन वर्षे तोच मुलगा, त्याच परवान्यावर, आमच्या डोळ्यांदेखत गाडी चालवत होता आणि आम्हाला एकदाही शंका आली नाही. ही शंका समुद्रापलीकडेच का यावी? तेथील पादचाऱ्याचा जीव मोलाचा आणि येथील स्वस्त, असे आम्ही तोंडाने कधीच म्हणालो नसतो. वागण्यात मात्र तेच म्हणत होतो.

आमच्या नाक्यावर रस्ता ओलांडतो तो कोण? पाळी सुटल्यावर पायी परतणारा कामगार, डोक्यावर भारा घेतलेली वारली बाई, पाठीवर दप्तर घेतलेली मुले. पिपरिया, मसाट, खडोली येथे कारखाने आले, त्यांच्यामागून कंटेनर आले. पायवाटांचे रस्ते झाले आणि त्या वाटांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे लोक रस्त्याच्या कडेला गेले. आपण मराठी कुटुंबे येथे जुनी असलो, तरी या मातीत आपल्याहून जुने लोक आहेत. त्यांच्या वाटेवरून आपली गाडी जाते. पाहुण्याचे कर्तव्य इंग्लंडपासून सुरू होत नाही. ते आपल्या अंगणाबाहेर पहिले पाऊल टाकले की सुरू होते.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये हा आकडा सुमारे १,७०० होता. लोकसंख्येत आपण त्यांच्या वीसपटींहून थोडे अधिक. मृत्यूंत जवळजवळ शंभरपट. याची कारणे अनेक आहेत : रस्त्यांची रचना, वाहनांची अवस्था, जखमीला रुग्णालयात पोहोचण्यास लागणारा वेळ. सारा दोष परवान्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण रस्ते सुधारणे आपल्या एकट्याच्या हाती नाही आणि आपल्या मुलाची परीक्षा खरी होऊ देणे आहे. जे हाती आहे तेवढ्याचाच जाब माणसाला विचारता येतो.

येथे कोणी म्हणेल की, एकट्याने नियम पाळून काय होणार? सगळे एजंटाकडे जात असताना एक घर गेले नाही, तर आकड्यांत काय फरक पडेल? आकड्यांत कदाचित पडणारही नाही. पण नीतीचा प्रश्न आकड्यांचा नसतो. रस्ता ओलांडणाऱ्या त्या म्हातारीसमोर आकडे येत नाहीत. एका वेळी एकच गाडी येते, आणि ती आपली असू शकते.

पुतण्या दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. तोवर अभ्यासक्रम संपत आला होता आणि त्या परवान्याचा त्याला वृद्धाश्रमाच्या पाळीसाठी जेमतेम महिनाभर उपयोग झाला. त्याचा त्याला खेद नाही. आमच्या घरी मात्र एक बदल झाला. धाकट्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा एजंटाने आपणहून निरोप पाठवला. आम्ही तो परतवला. तिने शिकाऊ परवाना काढला, नियमाप्रमाणे शिकली आणि स्वतः परीक्षेला गेली. पहिल्या वेळी गाडी मागे घेताना चाक रेघेवर गेले आणि ती अनुत्तीर्ण झाली. घरी येऊन रडली; आईने समजूत काढली. दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाली. दोन्ही वेळा मिळून आमचे दोन दिवस गेले आणि पैसे एजंटाच्या दरापेक्षा कमीच लागले. या वेळी पेढे वाटताना आम्हाला संकोच वाटला नाही.